ग्रिड लावली, माणूस रेघेवर ठेवला, तरी फोटो फसतोच? मग हे तपासा

ही तक्रार इतक्यांदा कानावर येते की एकदाच नीट लिहून टाकतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यात ग्रिड (स्क्रीनवरच्या दोन उभ्या, दोन आडव्या रेघा) चालू केली, रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे तीन-तीन भाग पाडायचे आणि मुख्य गोष्ट मधोमध न ठेवता रेघेवर ठेवायची) समजून घेतला, माणूस डावीकडच्या रेघेवर आणला, आकाश वरच्या एका भागात बसवलं, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं आणि घरी येऊन फोटो उघडला तर त्यात काहीच नाही, नुसता पसारा. पुढच्या रविवारी परत तेच. मग कोणी म्हणतं फोन जुना झाला, कोणी म्हणतं जाऊ दे, आपल्याला ती नजरच नाही. फोन बहुतेक वेळा ठीक असतो आणि नजरेचं तर काही बिघडलेलंच नसतं, कारण फोटो फसलाय हे तुमचं तुम्हालाच कळलंय ना.

गडबड क्रमाची आहे. ग्रिड बघणं हे सगळ्यात शेवटचं काम आणि लोक ते सगळ्यात आधी करतात. जागच्या जागी उभं राहून फोन जरा डावी-उजवीकडे सरकवला की वस्तू रेघेवर येते खरी, पण तिच्या मागे काय आहे ते तसंच राहतं, ती फ्रेममध्ये केवढी दिसते ते तसंच राहतं आणि कुठल्या उंचीवरून दिसते तेही तसंच. दहापैकी आठ-नऊ फोटो बिघडतात ते या तिन्हीतल्या एखाद्या कारणाने, आणि त्यातलं एकही ग्रिडने सुटत नाही. त्यासाठी पाय हलवावे लागतात किंवा गुडघे वाकवावे लागतात, जे आपल्याला चारचौघांत करायला लाज वाटते.

बाय द वे, हा थर्ड्सचा नियम या नावाने पहिल्यांदा लिहिला जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ साली, म्हणजे फोटोग्राफी जन्मायच्याही आधी. तो बोलत होता निसर्गचित्रांबद्दल, की जमीन-पाणी एका भागात आणि आकाश दोन भागांत असं काहीतरी प्रमाण ठेवा. चित्रकार नको असलेला विजेचा खांब चित्रात घेतच नाही हो. आपल्याला तो खांब टाळावा लागतो, आणि नियम त्याबद्दल काहीच बोलत नाही.

आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधा

फसलेला फोटो पूर्ण स्क्रीनवर बघत बसू नका. गॅलरीत जाऊन सगळे फोटो बारीक चौकोनात दिसतात तिथे बघा. त्या नखाएवढ्या चित्रात तुम्हाला जे दाखवायचं होतं ते ओळखू येतंय का? नसेल येत तर ते एकतर फार लहान आलंय किंवा मागच्या गोष्टीत मिसळून गेलंय. मोठ्या स्क्रीनवर हे कळत नाही कारण आपल्याला माहीत असतं की तिथे आजी बसलीय, त्यामुळे डोळा थेट आजीकडेच जातो. दुसऱ्याला ते माहीत नसतं.

दुसरी तपासणी, एडिटमध्ये जाऊन फोटो उलटा करा, डोकं खाली पाय वर. जुन्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांच्या काचेवर चित्र असंच उलटं दिसायचं आणि लोक त्यावरच वर्षानुवर्षं काम करायचे. उलटं केलं की चेहरे, ओळखीच्या वस्तू यांचा जोर कमी होतो आणि नुसते आकार आणि उजेड-अंधार दिसायला लागतात. मग बघा की डोळा सगळ्यात आधी कुठे जातो. बऱ्याचदा तो जातो एखाद्या पांढऱ्या पिशवीकडे, ट्यूबलाइटकडे नाहीतर कोपऱ्यातल्या आकाशाच्या तुकड्याकडे. तिथेच तुमचा फोटो फुटलाय.

मागच्या गोष्टी माणसाला चिकटतात

हे दुखणं सगळ्यात कॉमन, म्हणून जरा सविस्तर. समजा पुण्यात महात्मा फुले मंडईत सकाळी गेलात, एक मावशी टोमॅटोचे ढीग लावून बसल्यात, चेहऱ्यावर बाजूने मस्त ऊन येतंय. "मावशी, एक फोटो काढू का?" विचारलं (हे विचाराच, आणि नाही म्हणाल्या तर पाव किलो टोमॅटो घेऊन पुढे चला), त्या हसल्या, तुम्ही उभ्यानेच फोन धरला आणि काढला. आता फोटोत काय काय आलं ते बघा. वरून काढल्यामुळे मावशींच्या मागे सगळी जमीन आलीय, जमिनीवर कोथिंबिरीच्या काड्या, गोणपाट, कोणाच्या तरी चपला. बरोबर डोक्याच्या मागे एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट, आणि शर्ट ऊन खातोय म्हणून चेहऱ्यापेक्षा उजळ. इलेक्ट्रॉनिक काट्याची कड थेट त्यांच्या कानातून निघाल्यासारखी दिसतेय. मावशी ग्रिडच्या रेघेवर अगदी बरोबर आहेत. काय उपयोग?

आपल्याला दोन डोळे आहेत, त्यामुळे काटा पुढे आणि शर्ट मागे हे अंतर प्रत्यक्षात लगेच कळतं. कॅमेऱ्याला एकच डोळा, तो सगळं एका सपाट कागदावर आणून ठेवतो आणि अंतर गायब. त्यात मोबाईलचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, लहान, म्हणून मोठ्या कॅमेऱ्यात मागचं जसं आपोआप धूसर होतं तसं इथे जवळजवळ होतच नाही, मागचा शर्टसुद्धा बटणांसकट येतो. तेव्हा शटर दाबण्याआधी एक डोळा मिटून बघा, खरंच, तेवढ्यानेच निम्मे घोळ दिसतात.

उपाय म्हणाल तर आधी अर्धं पाऊल डावीकडे. अर्धंच, कारण जवळची वस्तू आणि मागची वस्तू यांचं नातं एवढ्याशा हालचालीने बदलतं. शर्ट डोक्यामागून सरकून बाहेर जातो, त्याजागी मागची निळी ताडपत्री नाहीतर कमानीतला अंधार येतो आणि चेहरा एकदम सुटा होतो. मग उकिडवे बसा. आता जमीन गेली, टोमॅटोचा ढीग पुढे उंच झाला आणि त्याच्यावरून मावशी दिसायला लागल्या, त्यांच्याच उंचीवरून. आणि हे सगळं झाल्यावर मग पाहिजे तर ग्रिड बघा. बहुतेक वेळा तोपर्यंत सगळं आपोआप जागेवर आलेलं असतं.

पोर्ट्रेट मोडने मागचं धूसर करून टाकू, असं काहींना वाटतं. करा, पण तो मोड अंदाजाने कापतो, त्यामुळे सुटे केस, चष्म्याच्या काड्या, काट्याची ती कड इथे हमखास घोटाळतो. शिवाय पांढरा शर्ट धूसर झाला तरी पांढराच राहतो, आता तो पांढरा ढग होऊन डोळा खेचतो.

घरच्या गणपतीचा फोटो दरवर्षी तसाच का येतो

उंचीचा घोळ समजायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. मूर्ती चौरंगावर, आपण उभे, फोन आपल्या छातीशी. म्हणजे लेन्स मूर्तीच्या वरून खाली बघतेय. मग मुकुट मोठा, पाय आणि मोदक बारीक, नजर आपल्याकडे नाहीच, आणि पुढचं निम्मं चित्र म्हणजे ताट, निरांजन, तेलाची बाटली, काडेपेटी, कोणीतरी ठेवलेला मोबाईल चार्जर. मग पूर्ण मखर बसत नाही म्हणून लोक शून्य पॉइंट पाचची वाइड लेन्स लावतात, आणि ती फ्रेमच्या कडेला असेल ते सगळं बाहेर ओढते, मखराचे खांब वाकडे, समई जाडजूड, बाजूला उभे राहिलेले काका दीडपट.

सरळ खाली मांडी घालून बसा आणि लेन्स मूर्तीच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. चौरंग बुटका असेल तर फोनच उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली आणि चार्जिंगचं भोक वर, फोटो सरळच येतो आणि लेन्स चार-पाच इंच अजून खाली जाते. मग दोन-तीन पावलं मागे सरका आणि वन एक्स (म्हणजे नेहमीच्या लेन्सवर) किंवा टू एक्सवर (दुप्पट झूमवर) काढा. खोली लहान असेल आणि मागे सरकायला भिंतच असेल तर पूर्ण मखराचा नाद सोडा, नुसती मूर्ती आणि एका बाजूची समई घ्या, काही बिघडत नाही. आणि चार्जर उचला. कंपोझिशन, म्हणजे फ्रेममधली मांडणी, फक्त फोन सरकवूनच होते असं कोणी सांगितलं? घरातल्या फोटोत वस्तू उचलून ठेवणं हे सगळ्यात स्वस्त कंपोझिशन आहे. इथे एक मात्र खरं की मूर्तीचा फोटो मधोमधच छान दिसतो. मखर दोन्ही बाजूंनी सारखं बांधलेलं असतं, त्याला एका रेघेवर ढकलणं म्हणजे उगाच नियमासाठी नियम.

लहान मुलांचं, कुत्र्या-मांजरांचं, अंगणातल्या रांगोळीशेजारी बसलेल्या ताईचं, सगळ्यांचं हेच. रांगोळीचं स्वतःचं वेगळं दुखणं आहे, उभ्याने तिरपी काढली की गोलाचा लंबगोल होतो. आयफोनमध्ये ग्रिड (नव्या आयओएसमध्ये लेव्हलचं बटण वेगळं आहे, तेही) चालू असेल तर फोन जमिनीला समांतर धरल्यावर मध्ये दोन अधिकची चिन्हं दिसतात, ती एकावर एक आली की फोन बरोबर आडवा झाला. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्येही तसलं काहीतरी असतं, सेटिंगमध्ये शोधा. आणि आपली सावली रांगोळीवर पडतेय का ते बघा, सकाळी तिरप्या उन्हात उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं की सावली मागे पडते.

सगळं लांब आणि लहान येतं

मोबाईलची मुख्य लेन्स बहुतेक फोनमध्ये चोवीस-सव्वीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चांगली रुंद. डोळ्याला जे भरगच्च वाटतं ते तिच्यात मागे ढकललं जातं. सिंहगडावरून समोरचा डोंगर केवढा वाटतो आणि फोटोत बघावं तर टेकडी. उपाय दोन. जवळ जाता येत असेल तर जवळ जा. डोंगराच्या बाबतीत जाता येत नाही, तेव्हा टू एक्स लावा, हल्लीच्या अठ्ठेचाळीस-पन्नास मेगापिक्सेलवाल्या बऱ्याच फोनमध्ये सेन्सरच्या मधल्या भागातून टू एक्स बऱ्यापैकी स्वच्छ निघतो. दहा एक्सचा मोह आवरा.

माणसांच्या बाबतीत मात्र झूम आणि जवळ जाणं एकच नव्हे. चेहऱ्याचं रूप अंतराने बदलतं, लेन्सने नाही. हातभर अंतरावरून काढला की नाक मोठं आणि कान गायब, चार-पाच फूट मागे जाऊन टू एक्सवर काढला की चेहरा जसा आहे तसा. "माझा फोटो चांगला येत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा फोटो कोणीतरी फार जवळून काढलेला असतो, एवढंच.

इमारती मागे पडतात

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, किंवा गावातलं कुठलंही उंच देऊळ. फोन वर करून काढला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात आणि वाडा पाठीवर पडतोय असं वाटतं. फोन अगदी उभा, भिंतीला समांतर धरा आणि मागे मागे जात राहा जोपर्यंत वरचं टोक आत येत नाही. खाली नको तेवढा रस्ता येईल, तो नंतर क्रॉप करा. मागे जायला जागाच नसेल तर एडिटमध्ये पर्स्पेक्टिव्हचा, उभ्या रेषा सरळ करण्याचा स्लायडर असतो, पण तो कडा कापतो म्हणून काढतानाच चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून ठेवा.

आता दिल्ली दरवाजाची अजून एक गंमत, तो उत्तरेकडे तोंड करून आहे. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो, म्हणजे त्या दिवसांत दरवाजाच्या तोंडावर ऊन येतच नाही, मागचं आकाश लख्ख आणि दगड काळपट. डिसेंबरच्या सुट्टीत गेलेल्या सगळ्यांचा फोटो सारखाच मरगळलेला येतो तो त्यामुळे, त्यांच्या कंपोझिशनमुळे नाही. मे-जूनमध्ये सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा गेलात तर तिरपं ऊन दगडावर घासून जातं आणि दाराचे खिळे एकेक उठून दिसतात. थंडीतच जायचं असेल तर दरवाजाचा हट्ट सोडा आणि समोरच्या बाजीरावांच्या पुतळ्याकडे वळा, जवळ जाऊन खालून काढा म्हणजे घोडा भिंतीत मिसळत नाही, आकाशावर येतो, आणि आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) खाली ओढा की छान काळी आकृती मिळते.

फोनच फ्रेम बदलतो, तुम्ही नाही

काही वेळा तुमचं सगळं बरोबर असतं आणि फोन मध्येच खोडी करतो. तीन ठिकाणी बघा.

फुलाजवळ फोन नेला की चित्र एकदम टुणकन उडी मारतं आणि मागचं भलतंच काहीतरी फ्रेममध्ये येतं, हे अनेक नव्या फोनमध्ये होतं, कारण फार जवळ गेलं की फोन स्वतःहून वाइड लेन्सवर जातो. स्क्रीनवर बारीक फुलाचं चिन्ह येतं ते दाबून बंद करा, किंवा वीतभर मागे येऊन टू एक्स लावा. दुसरा, म्हणजे मागे येण्याचाच मार्ग मला जास्त पटतो, पाकळ्या ताणल्या जात नाहीत.

दुसरं म्हणजे रेशो, फोटोच्या लांबी-रुंदीचं प्रमाण. सेन्सर असतो चार बाय तीनचा. फुल स्क्रीन छान दिसते म्हणून लोक सोळा बाय नऊवर किंवा फुलवर ठेवतात, तेव्हा फोन कडा कापून टाकतो आणि त्या परत मिळत नाहीत. मग स्टेटसला टाकताना अजून कापलं जातं, इन्स्टाला चार बाय पाच करताना अजून, आणि शेवटी आजीचं कपाळच उडतं. चार बाय तीनवरच काढा, जिथे टाकायचं त्याप्रमाणे नंतर क्रॉप करा. ग्रुप फोटोत तर पायाखाली आणि डोक्यावर मुद्दाम जागा ठेवा, आणि कापायचंच असेल तर घोट्यावर, गुडघ्यावर, मनगटावर कापू नका, मांडीच्या किंवा दंडाच्या मध्ये कापा, सांध्यावर कापलेला माणूस तुटल्यासारखा दिसतो.

तिसरं सेल्फीचं. स्क्रीनवर आरशासारखं दिसतं आणि सेव्ह होताना फोन उलटवतो, त्यामुळे आपण जमवलेली डावी-उजवी बाजू बदलते. सेटिंगमध्ये मिरर फ्रंट कॅमेरा असा पर्याय असतो, तो चालू केला की जे दिसलं तेच राहतं. फक्त मग मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी येतात, दोन्हींतलं एक निवडा.

"म्हणजे गर्दीचा फोटो काढायचाच नाही का?"

काढायचा की. एवढं सगळं वाचून लोक रिकाम्या भिंतीसमोर एक खुर्ची असे फोटो काढायला लागतात, तेही थोड्या दिवसांनी कंटाळवाणंच होतं. फोटोग्राफर रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांचे रंगीत फोटो शोधून बघा, कोलकाता, मुंबई, गंगाकाठ. फ्रेम माणसांनी, गाड्यांनी, पाट्यांनी ठासून भरलेली असते. १९९१ साली हावड्याला काढलेला फुटपाथवरच्या आरशांच्या दुकानाचा फोटो तर असा आहे की कुठलं खरं आणि कुठलं आरशातलं हे बघायलाच वेळ लागतो. पण नीट बघितलं तर प्रत्येकाला आपापली जागा आहे, कोणी कोणाच्या डोक्यातून उगवलेलं नाही, आणि मध्ये कुठेतरी खांब, दाराची चौकट, गाडीची खिडकी असं काहीतरी फ्रेमचे कप्पे पाडतं. दादरच्या फूल मार्केटात किंवा तुळशीबागेत उभं राहिलात तर असे कप्पे पाडणारी वस्तू आधी शोधा, दुकानाचा खांब, लटकणाऱ्या बांगड्यांची रांग, काहीही. ती सापडली की तिथेच थांबा आणि माणसांना फ्रेममध्ये येऊ द्या. गर्दीमागे पळत फोटो काढला की हाताला पाठीच लागतात.

सराव कसा करायचा

वीकेंडला कुठेतरी जाऊन शेकडो फोटो काढण्यापेक्षा रोजच्या जागी रोज थोडे काढलेले बरे. चहाची टपरी घ्या. रोज तोच काचेचा ग्लास, तोच पत्र्याचा ओटा. चहा येईस्तोवर ग्लासच्या मागे काय आणायचं एवढाच विचार करा, एक दिवस मागे स्टोव्हची निळी ज्योत, एक दिवस रस्त्यावरून जाणारी लाल बस, एक दिवस काहीच नाही, नुसती सावली. ग्लास हलवायचा नाही, आपण हलायचं. आठवडाभर एकच गोष्ट बघा, म्हणजे या आठवड्यात फक्त मागची बाजू, पुढच्या आठवड्यात फक्त उंची, नंतर फक्त कडा, की चारही कोपऱ्यांत अर्धवट घुसलेलं काही आहे का. सगळं एकदम डोक्यात ठेवायला गेलं की चहा निवतो आणि फोटोही होत नाही.

आणि लगेच डिलीट करू नका. फसलेले आणि जमलेले शेजारी शेजारी ठेवून दोन-चार दिवसांनी बघा, काढताना मनात जे असतं ते तोपर्यंत विरलेलं असतं आणि फोटोत जे खरंच आलंय तेवढंच दिसतं. त्यातले दोन फोटो असे निवडा की जे जवळजवळ सारखे आहेत पण एक आवडतोय आणि एक नाही, आणि फरक शोधा. बऱ्याचदा तो वीतभर उंचीचा नाहीतर अर्ध्या पावलाचा निघतो. हां, आणि लेन्स पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटाचं तेल असतंच, त्याने उजेड पसरतो आणि मग बॅकग्राउंडपासून सुटा केलेला चेहराही परत मळकट होऊन बसतो. शर्टाच्या टोकाने पुसलं तरी चालेल, माझ्या मते रोजच्या वापराला तेवढं पुरतं.